मुक्त प्रणालीची मार्गदर्शिका : सुधारणेचे नियोजन

जयपूरच्या जंतरमंतरात येणारा प्रवासी बहुधा सम्राट यंत्रापाशी थांबतो, त्याच्या सावलीवरून वेळ वाचतो आणि ती मनगटावरील घड्याळाशी ताडून पाहतो. दोन्ही वेळा जुळत नाहीत. सुमारे २७ मीटर उंचीच्या या यंत्राची सावली सेकंदाला साधारणपणे एक मिलिमीटर सरकते, इतके ते सूक्ष्म. तरीही फेब्रुवारीच्या मध्यास ते घड्याळाच्या सुमारे ४१ मिनिटे मागे असते आणि नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १० मिनिटे. यंत्रात दोष मुळीच नाही. ते जयपूरचा स्वतःचा सौर काल सांगते आणि घड्याळ सांगते ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची प्रमाण वेळ. जयपूर त्या रेखांशाच्या सुमारे ६.७ अंश पश्चिमेस आहे, म्हणजे २७ मिनिटांचे अंतर तेथेच पडले. उरलेला फरक सूर्याच्या वर्षभरातील असमान चालीचा. हे सारे सांगणारे एक लहानसे कोष्टक हाती असले की यंत्र विस्मयकारक ठरते. नसले की तेच यंत्र बिघडलेले वाटते.

आपल्या काळातील मुक्त संगणक-प्रणालींची स्थिती याहून फारशी निराळी नाही. ज्या प्रणालीवर संगणकाचा सर्व कारभार चालतो तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, हे श्रोत्यांस ठाऊक आहेच. त्यांपैकी ज्यांची मूळ आज्ञावली कोणासही वाचता, बदलता व वाटता येते त्या मुक्त प्रणाली होत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली, १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला, आणि त्यांच्या संयोगातून डेबियन, फेडोरा इत्यादी प्रणाली उभ्या राहिल्या. आपल्याकडे सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने बॉस ही भारतीय आवृत्ती सिद्ध केली. २०१५ साली केंद्र शासनाने शासकीय कामात मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरणही जाहीर केले. धोरण आले, प्रणाली आली. कोष्टक मात्र अजून नीट आलेले नाही.

मला ठाऊक असलेल्या एका कार्यालयात नव्या संगणकांवर मुक्त प्रणाली बसविण्यात आली. तेथील लिपिक हिंदी टंकलेखनात निष्णात. परंतु त्यांचा हात जुन्या रेमिंग्टन टंकयंत्रावर बसलेला, आणि समोर आलेली कळफलकाची रचना इनस्क्रिप्टची. प्रणालीत रेमिंग्टनची रचनाही उपलब्ध होती. ती कशी निवडावी हे सांगणारे पानही मार्गदर्शिकेत होते. पण ते पान दोन आवृत्त्यांपूर्वीचे. त्यात दाखविलेली खिडकी नव्या आवृत्तीत त्या जागी नव्हतीच. लिपिकांनी दोन दिवस शोध घेतला आणि तिसऱ्या दिवशी जुने संगणक कपाटातून बाहेर काढले. वार्षिक अहवालात मुक्त प्रणाली ‘कार्यान्वित’ झाल्याची नोंद अर्थातच झाली.

असे का व्हावे? मार्गदर्शिका लिहिण्याची परंपरा तर या क्षेत्रात जुनी आणि मोठी सचोटीची आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स प्रणालीच्या पहिल्या मार्गदर्शिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तिच्यातील पानांच्या रचनेत आज्ञेचे नाव, तिचा उपयोग, आणि ‘दोष’ असा एक स्वतंत्र मथळा. आमची ही आज्ञा अमुक ठिकाणी नीट चालत नाही, असे कर्त्यांनीच छापून ठेवावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. (शासकीय परिपत्रकांत असा मथळा असता, तर किती पत्रव्यवहार वाचला असता!) लिनक्सच्या आरंभीच्या वर्षांतही स्वयंसेवकांनी लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट या नावाने शेकडो मार्गदर्शक लेख सिद्ध केले. त्यांतील अनेक लेख आज वाचावयास मिळतात, आणि दिशाभूल करतात. कारण लेखक निघून गेले, प्रणाली पुढे गेली आणि लेख होते तेथेच राहिले.

मूळ दुखणे लिहिणाऱ्यांच्या आळसाचे नाही. ज्याला प्रणाली येते त्याला मार्गदर्शिकेची गरज नसते, म्हणून ती त्याच्या दृष्टीस पडत नाही. आणि ज्याला गरज असते त्याला ती दुरुस्त करण्याइतके ज्ञान नसते. २०१७ साली गिटहब या संस्थेने मुक्त प्रकल्पांत काम करणाऱ्यांची पाहणी केली. तीत ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या वा कालबाह्य मार्गदर्शिकेची तक्रार केली, तर ६० टक्के कार्यकर्त्यांनी आपण मार्गदर्शिकेच्या कामात क्वचितच किंवा कधीच हात घालत नाही असे सांगितले. सार्वजनिक विहिरीचा गाळ काढण्याच्या कामासारखेच हे काम: पाणी सर्वांना हवे, टोपले उचलावयास कोणी नाही.

म्हणून नियोजन. परंतु नियोजन या शब्दाने आपल्याकडे जे भव्य चित्र उभे राहते, ते येथे सर्वथा अपायकारक आहे. ‘संपूर्ण मार्गदर्शिकेचे अद्ययावतीकरण’ असा संकल्प सोडला की तो पुरा होत नाही, हे छातीठोकपणे सांगता येईल. गूगल कंपनीने २०१९ पासून काही वर्षे मुक्त प्रकल्पांच्या मार्गदर्शिकांसाठी साहाय्य देण्याची एक योजना चालविली. पुढे तीत प्रकल्पांना थेट अनुदान देऊन लेखक नेमण्याची मुभा मिळाली, तेव्हा अर्जात विचारलेले प्रश्न पाहण्याजोगे होते: अडचण नेमकी कोणती? या कामात काय येते आणि काय येत नाही? काम यशस्वी झाले हे कशावरून मोजणार? किती काळ, किती खर्च? यांपैकी ‘काय येत नाही’ हा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा समजतो. सीमा आखली नाही तर एका पानाच्या दुरुस्तीतून दहा पानांची निघते आणि शेवटी एकही पुरी होत नाही.

प्रथम करावयाचे ते लेखन नव्हे, तर मोजदाद. जी पाने आहेत ती एकेक उघडून, प्रत्यक्ष संगणकावर त्यातील कृती करून पाहावयाची आणि पानावर शेरा मारावयाचा: बरोबर, चुकीचे, निरुपयोगी. हे काम कंटाळवाणे आहे, पण आपल्या कार्यालयांत ज्यांनी अभिलेख-कक्षाची वर्गवारी केली आहे त्यांना ते नवे नाही. टाकून देण्याचे धैर्यही येथेच लागते. चुकीच्या पानापेक्षा पान नसणे बरे. पान नसेल तर मनुष्य शेजाऱ्याला विचारतो, चुकीचे असेल तर स्वतःला मूर्ख समजतो.

मोजदादीत एक गोष्ट हटकून आढळते. एकाच पानात अनेक प्रकारचे लेखन कालवलेले असते. डॅनिएल प्रोचिडा यांनी मार्गदर्शक लेखनाचे चार प्रकार मानले आहेत: नवशिक्याला हात धरून नेणारा पाठ, ठरावीक काम उरकण्याची कृती, पंचांगासारखा संदर्भ, आणि ‘असे का’ याचे विवेचन. ज्याला आज दुपारी पत्र टंकलिखित करून द्यावयाचे आहे त्याच्यापुढे देवनागरी लिपीच्या संकेतांकनाचा इतिहास मांडणे म्हणजे भुकेल्यापुढे शेतीशास्त्र वाचणे होय. इतिहास वाईट नाही, त्याची जागा निराळी.

आता मराठीचा प्रश्न. मुक्त प्रणालींच्या खिडक्यांतील शब्द मराठीत आणण्याचे काम पुण्यातील रेड हॅट कंपनीत व इतरत्र स्वयंसेवकांकडून बरेच झाले आहे, आणि लोहित नावाचा मुक्त देवनागरी टंकही उपलब्ध आहे. त्यामुळे पुढचे पाऊल म्हणून साऱ्या मार्गदर्शिकेचे मराठी भाषांतर करावे, असा आग्रह आपल्यातील अनेक भाषाप्रेमी धरतात. मला हा क्रम मान्य नाही. शिळ्या पानाचे भाषांतर केले तर एक असत्य दोन भाषांत नांदू लागते. आधी मूळ पान दुरुस्त व्हावे, मग भाषांतर. आणि तेही अशा साधनाने, की मूळ बदलताच भाषांतरकाराला त्याची खबर लागावी. असे साधन आहे. डेबियनच्या वर्तुळात पीओफोरए नावाची एक आज्ञावली वापरतात. ती लेखाचे परिच्छेद सुटे करते. मूळ परिच्छेद बदलला की त्याच्या भाषांतरावर ‘अस्पष्ट’ असा शेरा पडतो आणि भाषांतरकाराने तो तपासीपर्यंत वाचकाला तेवढा परिच्छेद मूळ भाषेतच दिसतो. ८० टक्क्यांहून कमी भाषांतर झालेला लेख ती आपण होऊन बाहेरच पडू देत नाही. इतका काटेकोरपणा माणसांच्या समितीतही दुर्मिळ.

परिभाषेविषयी दोन शब्द. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने १९६२ साली पदनाम कोश प्रसिद्ध केला तेव्हा त्याची बरीच थट्टा झाली, परंतु त्यातले कितीतरी शब्द आज आपण सहज उच्चारतो. जयपूरशी संबंध असलेले याहून जुने उदाहरण म्हणजे जगन्नाथ सम्राट. परंपरेने महाराष्ट्रीय मानल्या गेलेल्या या पंडिताने सवाई जयसिंगाच्या आश्रयाने युक्लिडची भूमिती नासिरुद्दीन तूसी यांच्या अरबी पाठावरून ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली. ग्रीकांची भूमिती अरबीच्या वाटेने येथे पोहोचली आणि तिचे सिद्धांत संस्कृत शब्दांत बोलू लागले. तेव्हा शब्द मिळत नाहीत ही सबब खरी नव्हे. मात्र लिपिकाच्या तोंडी ‘फाइल’ असेल तर पानातही ‘फाइल’च असावी, ‘संचिका’ लिहून त्याला शब्दकोशाकडे धाडण्यात भाषेची सेवा होत नाही.

पान उपयोगी पडते की नाही हे ठरवावे कोणी? मुंबईच्या आय. आय. टी.तील स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने, ज्याची धुरा प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी वाहिली, येथे एक चांगली रीत घातली. लिनक्ससारखे विषय सुमारे दहा दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रपाठांतून शिकविणारा हा प्रकल्प पाठाची संहिता ध्वनिमुद्रणापूर्वी त्या विषयात नवख्या असलेल्या व्यक्तीकडून तपासून घेतो. पडद्यावर इंग्रजी दिसत असता कानांवर मराठी निवेदन पडते, अशीही सोय तेथे आहे. तज्ज्ञाला जी पायरी दिसतही नाही तिच्यावर नवखा अडखळतो, आणि नेमकी तीच पायरी लिहावयाची असते.

आपल्याकडे आरंभ कोठून करावा, असे कोणी विचारील तर मी कळफलकाचेच पान सुचवीन. विषय एकच: देवनागरीत टंकलेखन सुरू करणे, इनस्क्रिप्ट व रेमिंग्टन या दोन रचनांसह. प्रणालीची एकच आवृत्ती, तिचा क्रमांक पानाच्या माथ्यावर. मुद्रणयंत्र नाही, इंटरनेटची जोडणी नाही. ते या कामात येत नाही, असे आरंभीच लिहून टाकावे. एक लिहिणारा, एक प्रणाली जाणणारा, आणि लिनक्स कधीही न वापरलेले तीन लिपिक. मुदत सहा आठवडे, त्यांतले पहिले दोन मोजदादीचे. कसोटी अशी की, त्या तिघांनी कोणासही न विचारता, केवळ पान वाचून, पाव तासात एक अर्ज टंकलिखित करून दाखवावा. जेथे अडले तेथे पान बदलावे, लिपिकास दोष देऊ नये.

आणि डेबियनचा एक दंडक उचलावा. त्या प्रणालीच्या नियमावलीत आज्ञेला मार्गदर्शक पान नसणे हा आज्ञावलीचाच दोष गणला जातो व त्याची रीतसर नोंद होते. आपल्या कार्यालयात हे साधावयाचे तर पान व्यक्तीच्या नव्हे, पदाच्या ताब्यात हवे. बदली होऊन अधिकारी जातो तेव्हा कपाटांच्या किल्ल्या, मुद्रा आणि प्रलंबित प्रकरणांची यादी तो पुढच्याच्या हाती देतो. त्या यादीत या पानाचे नाव, ते कोणत्या आवृत्तीचे आहे आणि शेवटी कोणत्या तारखेस करून पाहिले, एवढी एक ओळ घालावयास फारसा कागद लागणार नाही.