इंजिन चालू असतानाही विमान पडतं

कोपरगाव तालुक्यातल्या काकडीला 2017 च्या ऑक्टोबरात शिर्डीचं विमानतळ सुरू झालं आणि विमान हा आपल्याकडे पारावरच्या गप्पांचा विषय झाला. कुठे लहान विमान उतरताना कोसळलं की निकाल तयार असतो: इंजिन बंद पडलं असणार!

इंजिन ठणठणीत असूनही विमान पडू शकतं. त्याला हवेत धरून ठेवतात ते पंख, आणि पंखांना उचल मिळायला वेग लागतो. उतरताना तोच मुद्दाम कमी केलेला असतो. अशात धावपट्टीची रेष थोडी हुकली आणि वैमानिकानं घाईघाईत विमान जास्त कलतं केलं, की गणित बिघडतं. उंची न सोडता 60 अंश कलून वळायचं तर उचल दुप्पट लागते. सरळ उडताना ताशी 150 किलोमीटरखाली गेल्यावर जी उचल तुटली असती, ती इथे 212 लाच तुटते. हा स्टॉल. यातून सावरायला नाक खाली घालून वेग घ्यावा लागतो आणि त्यासाठी काहीशे फूट उंची हाताशी हवी. धावपट्टीच्या तोंडाशी ती कुठली? नेहमीच्या तीन अंशांच्या उतारावर एक किलोमीटर अलीकडे विमान जेमतेम 50 मीटर उंचीवर असतं.

दुसरा समज घाटकोपरचा. 28 जून 2018 ला जुहूहून चाचणीसाठी उडालेलं किंग एअर सी-90 घाटकोपर पश्चिमेला बांधकामाच्या जागी कोसळलं. विमानातले चौघे आणि एक पादचारी गेले. वैमानिकांनी मोकळी जागा हेरून विमान तिकडे वळवलं, वस्ती वाचवली, असं त्याच दिवशी बोललं जाऊ लागलं. मृतांचा मान राखणारी गोष्ट आहे, मोडवत नाही. पण ताबा सुटून खाली येणारं विमान जागा निवडत नसतं. बांधकामावरचे मजूर तेवढ्यात जेवायला गेले होते, म्हणून आकडा वाढला नाही.

'आता सगळं यंत्रच करतं', हेही ऐकू येतं. धावपट्टीपर्यंत वाट दाखवणारी आयएलएस यंत्रणा प्रत्येक लहान विमानतळावर नसते. नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर उतरायचं तर साधारण 5 किलोमीटरवरचं दिसावं लागतं. 2021 च्या नोव्हेंबरात काकडीची विमानं दिवसच्या दिवस रद्द झाली ती याच दृश्यमानतेपायी. अडीच किलोमीटरची धावपट्टी समोर असून उपयोग नव्हता. आणि यंत्रणा असली तरी हमी नाही. मुंबईत सगळी सोय होती, तरी 14 सप्टेंबर 2023 ला मुसळधार पावसात एक लिअरजेट उतरताना मोडलं. आतले आठही जण वाचले.

अपघातानंतर येणाऱ्या प्राथमिक अहवालाला लोक निकालपत्र समजतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो साधारण 30 दिवसांत अपेक्षित असतो आणि चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं एवढाच असतो. दोषी ठरवणं हे तिचं कामच नाही.

राहिला गो-अराउंड. टेकता टेकता विमान पुन्हा वर उचललं की प्रवासी म्हणतात, पायलट कच्चा दिसतोय. वैमानिकाला मात्र हे शिकवलेलंच असतं: रेष, वेग किंवा उंची जुळत नसेल तर वर जा, पुन्हा फिरून या, नाहीतर दुसरं विमानतळ गाठा. भाड्याच्या लहान विमानात अडचण वेगळीच. भाडं भरणारे साहेब वैमानिकाच्या पाठीमागे हाताच्या अंतरावर बसलेले असतात आणि त्यांना दहाची सभा गाठायची असते.