मुलीचा दिवस कुठे चांगला जाईल?

२२ जुलै २०२१ ची रात्र चिपळूणकर विसरणार नाहीत. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आमची मुलगी पाच महिन्यांची होती. तळमजल्यावरचं घर सोडून आम्ही वरच्या शेजाऱ्यांकडे गेलो आणि तिथून गच्चीवर. दादीनं नातीला आपल्या दुपट्ट्यात गुंडाळून छातीशी धरलं होतं. पाणी ओसरल्यावर खाली आलो, तर घरात गुडघाभर चिखल होता आणि पाळणा दाराला अडकून उलटा पडला होता. तेव्हापासून पावसानं जोर धरला की आमच्या घरात नीट झोप कुणालाच लागत नसे.

तरी आम्ही चार वर्षं तिथंच राहिलो. पोट आणि माणसं दोन्ही तिथंच होती. मग लोट्याच्या एमआयडीसीतलं कंत्राटी काम मार्च २०२५ मध्ये संपलं आणि प्रश्न दारात येऊन उभा राहिला. मुलीच्या अब्बांना इलेक्ट्रिकल मेंटेनन्सच्या कामासाठी तीन ठिकाणांहून होकार आला होता : मुंबईत कुर्ला, पुण्याजवळ चाकण आणि कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव. पगार अनुक्रमे ३४ हजार, ३२ हजार आणि २६ हजार. मुलगी चार वर्षांची झाली होती. जूनमध्ये तिला शाळेत घालायचं होतं. म्हणजे जे ठरवायचं ते दोन महिन्यांत.

ईदच्या दुसऱ्या दिवशीचा मशवरा

ईदला सगळे जमले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी मशवऱ्याला बसलो. चुलतभाऊ म्हणाले, "मुंब्र्याला या. आपली माणसं आहेत, मशिदी आहेत, हलालची काळजी नाही. कुर्ला लोकलनं जवळ." त्यांचं खोटं नव्हतं. कौसा हे मूळचं कोकणी मुसलमानांचं गाव, आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबं मुंब्र्यात येऊन वसली. तिथं गेलो असतो तर परकेपणा वाटला नसता.

कोंढव्याच्या खाला म्हणाल्या, "मुलीला शिकवायचं असेल तर पुणं. आझम कॅम्पसमध्ये बालवाडीपासून पदवीपर्यंत एकाच आवारात होतं." तेही खरं. मामू म्हणाले, "जिथं पगार जास्त तिथं जा, बाकी सगळं मागून येतं." कोल्हापूरचं नाव कुणीच घेतलं नाही. तिथं आमचं कुणी नव्हतं.

दादी इतका वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "सगळ्यांनी आपापली सोय सांगितली. पोरीचा दिवस कसा जाईल, ते कुणी सांगाल का?"

त्यावर कुणापाशी उत्तर नव्हतं. आमच्यापाशीही नव्हतं.

त्या रात्री आम्ही इस्तिखाऱ्याची नमाज पढलो. इस्तिखारा केला म्हणजे स्वप्नात शहराचं नाव दिसेल, अशी काहींची समजूत असते. आम्हाला लहानपणी मौलवीसाहेबांनी वेगळं शिकवलं होतं : खैर अल्लाहकडे मागायची आणि शोधाशोध आपण करायची. म्हणून सकाळी एक वही काढली. तीन पानांवर तीन शहरांची नावं लिहिली आणि प्रत्येक पानावर मुलीचा दिवस मांडला. ती सात वाजता उठते आणि साडेनऊला झोपते. या मधल्या वेळात तिच्याजवळ कोण असेल, ती कुठं खेळेल, शाळेतून कोण आणील, ताप आला तर काय?

वहीतला हिशेब

आधी पैशांचा हिशेब केला, कारण सगळ्यांचा जोर त्यावरच होता. मुंब्र्यात खोली-स्वयंपाकघराचं भाडं १३ हजार आणि येण्याजाण्याचे दीड हजार. ३४ हजारांतून उरले साडेएकोणीस. कोंढव्यात भाडं १६ हजार आणि प्रवासाचे अडीच हजार. ३२ हजारांतून उरले साडेतेरा. कोल्हापुरात भाडं साडेसात हजार आणि पेट्रोल दीड हजार. २६ हजारांतून उरले १७ हजार. म्हणजे मुंबई आणि कोल्हापूर यांच्या पगारातलं आठ हजारांचं अंतर हातात उरणाऱ्या रकमेत अडीच हजारांवर आलं, आणि कोंढव्यापेक्षा तर कोल्हापुरातच जास्त उरत होते. अनामत रक्कम, शाळेची फी आणि बाजारहाट यांतला फरक वेगळाच.

मग तासांचा हिशेब केला. मुंब्र्याहून कुर्ल्याला नऊची हजेरी गाठायची तर घर सव्वासातला सोडायचं आणि परत यायला पावणेनऊ. मुलीला अब्बा दिवसातून एक तास दिसणार. कोंढव्याहून चाकण म्हणजे पुण्याच्या एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकापलीकडे जाणं. सकाळी साडेसहाला निघायचं आणि रात्री आठला यायचं, म्हणजे दीड तास. गोकुळ शिरगावला कोल्हापुरातून दुचाकीनं वीस-पंचवीस मिनिटं. सव्वाआठला निघून सव्वासहाला घरी. तिच्या जागेपणीचे साडेचार तास.

एक तास आणि साडेचार तास हे आकडे शेजारी-शेजारी लिहिल्यावर आम्ही दोघं बराच वेळ वहीकडे बघत बसलो.

पण नुसत्या कागदावर शहर ठरवायचं नाही, हेही आम्ही ठरवलं होतं. तिन्ही ठिकाणी मुलीला आणि दादीला घेऊन जायचं, तेही रविवारी नाही, कामाच्या दिवशी.

तीन शहरं, तीन फेऱ्या

मुंब्र्यात भावाच्या घरी मुलगी रमली. खाली उतरलं की मुलं, समोर मकतब, रात्री उशिरापर्यंत जाग. पण आमच्या ऐपतीतली खोली चौथ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. दादी दुसऱ्या मजल्यावरच जिन्यात बसली. म्हणाली, "मी एकदा वर गेले की माझा जनाजाच खाली येईल." आम्ही हसलो, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दादी खाली उतरू शकत नसेल, तर मुलीला शाळेतून आणणार कोण? आणि आणणारं कुणी नसेल, तर मुलीच्या अम्मीनं डीएमएलटी करून मिळवलेलं लॅबमधलं काम पुन्हा सुटणार.

पुण्यात चाकणजवळच घर घेतलं तर प्रवास वाचेल, म्हणून तिकडं शोधलं. एजंटनं एक घर दाखवलं. स्वच्छ, हवेशीर, पहिला मजला. मुलीनं धावत जाऊन खिडकीच्या कट्ट्यावर आपली बाहुली ठेवली आणि "ही माझी खिडकी" असं जाहीर केलं. मालकांशी फोनवर बोलणं झालं, भाडं ठरलं. मग त्यांनी पूर्ण नाव विचारलं. नाव सांगितल्यावर थोडी शांतता आणि मग, "घर आत्ताच दुसऱ्यांना गेलंय." एजंट खाली मान घालून कुलूप लावू लागला. परतीच्या बसमध्ये मुलीनं विचारलं, "अब्बा, माझी खिडकी कुणी घेतली?"

असा अनुभव आलेले वाचक पुष्कळ असतील. आम्हाला त्यावर भाषण करायचं नाही. पण शहर निवडताना हा प्रश्न टाळून चालत नाही. नोकरी एका टोकाला आणि आपल्याला घर मिळतं ती वस्ती दुसऱ्या टोकाला असेल, तर मधलं अंतर रोज कापावं लागतं, आणि त्याची किंमत घरातलं लहान मूल मोजतं.

कोल्हापूरला जाताना आम्ही साशंक होतो. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लीम बोर्डिंग काढलं आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. पण जून २०२३ मध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून त्याच शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं, हेही आम्हाला माहीत होतं. इतिहास चांगला आहे म्हणून शेजार चांगला मिळेलच असं नाही. म्हणून राहत्या माणसांना विचारलं. एका मशिदीत जोहरनंतर भेटलेल्या बुजुर्गांनी स्पष्ट सांगितलं, "ते दिवस वाईट होते. पण दुकान उघडलं तेव्हा गिऱ्हाईक तेच होतं आणि शेजारीही तेच होते. इथं राहायचं तर शेजाऱ्यांच्यात मिसळून राहा."

घराच्या मालकीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनीही नाव विचारलं, गाव विचारलं, पगाराची पावती मागितली आणि भाडेकरार नोंदवूनच घेईन म्हणाल्या. आम्हाला तेच हवं होतं. मटण शिजवण्याबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात तो प्रश्न कोण विचारणार?

पुरापासून पळून पुराच्या गावात?

खरी अडचण दुसरीच होती. पुराला कंटाळून चिपळूण सोडायचं आणि कोल्हापूरला जायचं, यावर नातेवाईक हसले, ते साहजिक होतं. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेनं कोल्हापूरला वेढलं होतं. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन पुणे-बंगळूर वाहतूक बंद पडली होती.

इथं चिपळूणनं शिकवलेला धडा कामी आला. पूर सगळ्या गावाला सारखा येत नाही, तो सखल भागात येतो. नदीकाठच्या गावांसाठी पाटबंधारे खातं पूररेषा आखतं. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. घर बघताना आम्ही नळाला पाणी येतं का, याच्या आधी विचारलं, "२०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?" एकट्या मालकांचं उत्तर पुरेसं मानलं नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला, रिक्षावाला, मशिदीचे मुअज्जिन, सगळ्यांना तेच विचारलं. शेवटी शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला, चढावरच्या एका गल्लीत तळमजल्यावरचं घर घेतलं. दादीला जिना नको होता आणि आम्हाला पाणी नको होतं. दोन्ही एकत्र मिळेल अशी जागा शोधायला चार दिवस लागले.

शाळा घरापासून पायी आठ मिनिटांवर, मराठी माध्यमाची, सेमी-इंग्रजी. उर्दू आणि कुरआन संध्याकाळी मकतबमध्ये. पंचवीस टक्के राखीव जागांचा प्रवेश पहिलीच्या वेळी बघू म्हटलं, तर आमचं उत्पन्न एक लाखाच्या अटीत बसत नाही. ज्यांचं बसतं त्यांनी एवढं लक्षात ठेवावं : शाळेचं घरापासूनचं अंतर त्यात महत्त्वाचं असतं आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. म्हणून भाडेकरार नोंदणीकृतच करावा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार नोंदवून देण्याची जबाबदारी मालकाचीच आहे, त्यामुळे ते मागताना संकोच नको.

काय मिळालं, काय गेलं

मे २०२५ मध्ये आम्ही घर हलवलं. सगळं गोड झालं असं सांगणार नाही. पहिले दोन महिने अब्बांना बोलायला माणूस नव्हतं. मुलगी रात्री चुलतभावंडांची नावं घेऊन रडायची. पहिल्या बकरी ईदला दाराशी कुणी आलं नाही, तेव्हा दादीनं स्वतःच खीर घेऊन शेजारची पाच घरं केली. आता दुपारी शाळेतून नातीला तीच आणते, काठी टेकत, वाटेत तीनदा थांबत. मुलीची अम्मी सकाळी एका लॅबमध्ये अर्धा दिवस काम करते आणि तिचे नऊ हजार येतात. अडीच हजारांचा तोटा त्यात भरून निघाला.

इथं येऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा ९ जूनला मुंब्रा स्थानकाजवळ खचाखच भरलेल्या लोकलमधून प्रवासी रुळांवर पडून दगावल्याची बातमी आली. 'बरं झालं आपण गेलो नाही' असं आमच्या मनात आलं नाही. आमचा भाऊ रोज त्याच मार्गानं जातो. त्याचा फोन लागेपर्यंत कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. मुंब्र्यात राहणारे चुकले आणि आम्ही बरोबर, असं काही नसतं. त्यांची दादी जिना चढू शकते, त्यांच्या मुली मोठ्या आहेत, त्यांचा हिशेब वेगळा आहे.

म्हणून आम्ही कुणाला अमुक शहरात जा असं सांगत नाही. एवढंच सांगतो : घर हलवायची वेळ आली तर पगाराच्या आकड्याशेजारी मुलाच्या जागेपणीचे तास लिहा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला जिना चढवून बघा. कामाच्या दिवशी जा, पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विचारा, आणि मशवऱ्यात गप्प बसलेल्या माणसालाही बोलतं करा.

पावसाळ्यात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. आमचं घर त्या पाण्यापासून लांब आहे, तरी फजरनंतर दादी रोज विचारते, "आज किती फूट?" आम्ही मोबाइलवर बघून आकडा सांगतो. ती मान हलवते, नातीच्या अंगावरची गोधडी सारखी करते आणि पुन्हा आडवी होते. बाहेर पाऊस पडत असतो आणि मुलगी शाळेची वेळ होईपर्यंत गाढ झोपलेली असते.