दुबईला पाहुणे म्हणून जाताय? भाच्याच्या खिशावर नको, मेट्रोच्या कार्डावर फिरा

विंचूरच्या बाजारात उतरलेला कांदा दुबईपर्यंत जातो, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. कांद्यासारखीच आपली माणसंही तिकडे गेली आहेत. निफाड, लासलगाव, येवला, मालेगाव, कुठल्याही मोहल्ल्यात विचारा. कुणाचा भाऊ, कुणाचा जावई, कुणाचा भाचा तिकडे कामाला आहेच. मग एक दिवस फोन येतो, "खाला, दिवाळीच्या सुट्टीत या ना. मी आहे ना इथे, काळजी कशाला?"

आम्ही असेच गेलो होतो. मी, माझे मिस्टर, सासूबाई आणि मुलगी. देइरा भागात साधं हॉटेल घेतलं होतं. भाचा गोदामात कामाला, एका खोलीत सहा जण राहतात. पहिले दोन दिवस तो आमच्याबरोबर टॅक्सीने हिंडला आणि प्रत्येक वेळी पैसे त्यानेच दिले. आम्ही पाकीट काढलं की म्हणायचा, "खाला, शर्मिंदा मत करो." तिसऱ्या दिवशी त्याचा खोलीतला सोबती मला हळूच म्हणाला, "आपा, बुरा मत मानना. त्याने बिनपगारी सुट्टी घेतलीय, आणि पगारातून उचलही."

मला त्या रात्री झोप आली नाही. पाहुणचार करणं त्याचं काम होतं, पण त्याच्या मजुरीवर आपण शहर बघतोय हे समजून घेणं आमचं काम होतं. आपण घरात इसराफवर बोलतो, लग्नातल्या उधळपट्टीवर बोलतो. परदेशातल्या नातेवाइकाच्या खिशातून होणारा खर्च मात्र आपल्या हिशेबात येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कामावर पाठवलं आणि आम्ही मेट्रोचं कार्ड घेतलं. उरलेले दिवस आम्ही आमचे आम्ही फिरलो. ते कसं, ते सविस्तर सांगते. दर २०२५ मधले आहेत. हिशेबासाठी एक दिरहम म्हणजे साधारण २४ रुपये धरा.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्या बहुतेकांना व्हिसा आधी काढावा लागतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पुरावा, म्हणजे हॉटेलचं बुकिंग किंवा नातेवाइकाच्या घराची कागदपत्रं, जवळ ठेवा.

विमानाची वेळ बघून तिकीट काढा, कारण खर्च तिथूनच सुरू होतो. दुबई मेट्रो रात्रभर चालत नाही. सोमवार ते गुरुवार आणि शनिवारी ती पहाटे ५ ते रात्री १२, शुक्रवारी पहाटे ५ ते रात्री १, आणि रविवारी मात्र सकाळी ८ ला सुरू होते. रात्री दोनला उतरलात की टॅक्सीशिवाय सोय नाही, आणि विमानतळावरून टॅक्सीत बसताच मीटर २५ दिरहमपासून सुरू होतं. शिवाय मेट्रो टर्मिनल १ आणि ३ ला आहे, टर्मिनल २ ला नाही. स्वस्तातली काही विमानं टर्मिनल २ ला उतरतात, म्हणून तिकिटावर टर्मिनल बघा.

मुंबईपर्यंत खासगी गाडी करायचीही गरज नाही. पंचवटी एक्सप्रेस लासलगाव आणि निफाडला थांबते. दादरला उतरा, तिथून भुयारी मेट्रो-३ विमानतळाच्या टी-२ स्टेशनपर्यंत जाते.

सामान कमी ठेवा. दुबई मेट्रोत माणशी एक मोठी आणि एक छोटी बॅग चालते. आपल्याकडून निघताना पापड, लोणचं, मसाला, सगळं भरलं जातं. ते प्रेम समजतं, पण एक लक्षात ठेवा: खसखस अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे. घरच्या मसाल्यात खसखस असेल तर तो मसाला घरीच ठेवा.

नोल कार्ड: एकच कार्ड, सगळीकडे

दुबईत मेट्रो, ट्राम आणि सिटी बस या सगळ्यांना एकच कार्ड चालतं, त्याचं नाव नोल. ते मेट्रो स्टेशनवर मिळतं. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, त्यामुळे कार्ड लागतंच. आणि एका कार्डावर एकच माणूस. चार जण असाल तर चार कार्डं.

पर्यटकाच्या कामाचे दोन प्रकार:

१. लाल, म्हणजे कागदी तिकीट. किंमत २ दिरहम. प्रवासाचे दर ४, ६ आणि ८.५ दिरहम.

२. सिल्व्हर कार्ड. २५ दिरहमला मिळतं, त्यातले १९ दिरहम प्रवासाला वापरता येतात. दर ३, ५ आणि ७.५ दिरहम.

शहराचे सात झोन आहेत. एकाच झोनमध्ये फिरलात तर ३, शेजारच्या झोनमध्ये गेलात तर ५, दोनपेक्षा जास्त झोन ओलांडले तर ७.५. सिल्व्हर कार्डाचे ६ दिरहम जातात, लाल तिकिटाचे २. फरक ४ दिरहमचा. सिल्व्हरवर प्रत्येक फेरीला १ दिरहम वाचतो, म्हणजे चार फेऱ्यांत फरक भरून निघतो. दोन-तीन दिवस राहणार असाल तरी सिल्व्हरच परवडतं. गोल्ड कार्डाचे दर दुप्पट आहेत, फक्त वेगळ्या डब्यात बसायला मिळतं. गरज नाही.

वापरताना चार गोष्टी पाळा:

• आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा कार्ड टेकवा. बसमध्येही उतरताना टेकवायचं. विसरलात तर जास्तीचं भाडं कापलं जातं.

• कार्डात किमान ७.५ दिरहम शिल्लक हवेत, नाहीतर फाटक उघडत नाही.

• मेट्रोतून उतरून अर्ध्या तासाच्या आत बस पकडली तर तो एकच प्रवास धरला जातो.

• पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

बायकांसाठी वेगळा डबा

मेट्रोत बायका आणि मुलांसाठी राखीव डबा असतो. फलाटावर गुलाबी खूण दिसते. पुरुष त्यात चढला तर १०० दिरहम दंड. आमचे मिस्टर गर्दीत चुकून चढत होते, एका बाईने वेळीच थांबवलं. गाडीत खाणं-पिणं आणि च्युइंगम, यालाही १०० दिरहम दंड आहे. तिकिटाशिवाय प्रवासाला २००. पोरांच्या हातातला चिप्सचा पुडा आधीच पिशवीत टाका.

माझ्या सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या. विंचूरहून नाशिकला जायचं तरी कुणीतरी सोबत हवं असतं. तिथे त्या, मी आणि मुलगी, आम्ही तिघी एकट्या देइऱ्याच्या सोन्याच्या बाजारात जाऊन आलो. लिफ्ट, सरकते जिने, वातानुकूलित डबा, उर्दू-हिंदी समजणारी माणसं सगळीकडे. परत आल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, हे तर मला एकटीलाही जमेल." मुली-सुनांना घेऊन जाणाऱ्यांना हे मुद्दाम सांगते.

काय बघाल, कसं जाल

मेट्रोच्या दोन लाइन आहेत, रेड आणि ग्रीन. युनियन आणि बुर्जुमान या दोन स्टेशनांवर गाडी बदलता येते. यांच्या जवळपास हॉटेल घेतलं की दोन्ही बाजूंना जाणं सोपं.

जुनी दुबई ग्रीन लाइनवर आहे. अल रास स्टेशनला उतरा, मसाल्याचा आणि सोन्याचा बाजार पायी होतो. तिथून खाडीवर या. देइऱ्याहून बर दुबईला लाकडी होडी जाते, तिला अबरा म्हणतात. भाडं १ दिरहम, रोख. आमच्या पूर्ण सहलीत सगळ्यांना सर्वात जास्त आवडलं ते हेच, आणि चौघांना मिळून खर्च ४ दिरहम. पलीकडे कापडाचा बाजार आणि अल फहीदीची जुनी वस्ती आहे.

बुर्ज खलिफा रेड लाइनवर आहे. स्टेशनपासून दुबई मॉलपर्यंत बंद, थंड पूल आहे, पण चालणं बरंच आहे. वयस्कर माणसांना मध्ये बसवत न्या. वर चढायचं तिकीट महाग आहे. खाली संध्याकाळी कारंजं बघायला पैसे लागत नाहीत.

शारजाला जायला युनियनहून ई-३०३ बस आहे, १२ दिरहम. तिथलं इस्लामिक संस्कृतीचं संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. जुन्या बाजाराच्या इमारतीत ते २००८ मध्ये सुरू झालं. मुस्लिम शास्त्रज्ञांची उपकरणं, नकाशे, घड्याळं यांच्या प्रतिकृती आहेत. शिक्षक म्हणून सांगते, वर्गात जे समजायला आठवडा जातो ते तिथे दोन तासांत समजतं. शारजाला टॅक्सीने गेलात तर मीटरवर २० दिरहम जादा लागतात.

अबुधाबीला अल घुबैबाहून ई-१०० किंवा इब्न बतूता स्टेशनहून ई-१०१ बस. २५ दिरहम, तेच नोल कार्ड चालतं. जाता-येता दोन्हीकडचे पैसे आधीच भरून ठेवा. शेख झायेद मशिदीत प्रवेश मोफत आहे, पण भेटीची वेळ ऑनलाइन नोंदवावी लागते. एका वेळी ४० हजारांहून जास्त लोक मावतील एवढी ती मोठी आहे. बस अड्ड्यावरून मशिदीपर्यंत चौघांनी मिळून टॅक्सी केलेली बरी.

नमाजची अडचण कुठेच येत नाही. मॉलमध्ये बायका-पुरुषांसाठी वेगळ्या खोल्या आहेत. जुम्याच्या दिवशी मात्र फिरण्याचा बेत दुपारनंतरच ठेवा.

टॅक्सी कधी घ्यायची?

टॅक्सी अजिबात घेऊ नका असं मी म्हणत नाही. साध्या टॅक्सीचं कमीत कमी भाडं १३ दिरहमच्या आसपास आहे. चौघांनी एका झोनमध्ये मेट्रो घेतली तर ४ गुणिले ३, म्हणजे १२ दिरहम. जवळ जायचं असेल, वयस्कर माणूस थकलं असेल, तर टॅक्सीच घ्या. फक्त बायका असाल तर गुलाबी टपाची टॅक्सी मागा, तिची ड्रायव्हर बाई असते.

लांब जायचं असेल तर मात्र हिशेब उलटतो. देइऱ्याहून मॉल ऑफ द एमिरेट्सला मेट्रोने चौघांचे ३० दिरहम. टॅक्सीने टोल आणि ट्रॅफिक धरून साठ-सत्तरच्या घरात. टोलचे पैसे प्रवाशाच्याच बिलात लागतात. अबुधाबीला टॅक्सी केलीत तर एका बाजूचेच अडीचशे-तीनशे.

पाच दिवसांचा हिशेब

चौघांचं कुटुंब, पाच दिवस:

• चार सिल्व्हर कार्डांचे न परतणारे पैसे: २४ दिरहम

• दुबईत तीन दिवस, माणशी रोज २० दिरहम धरून: २४० दिरहम

• शारजा जाऊन-येऊन: ९६ दिरहम

• अबुधाबी जाऊन-येऊन: २०० दिरहम

• अधूनमधून टॅक्सीसाठी राखीव: १५० दिरहम

एकूण ७१० दिरहम, म्हणजे साधारण १७ हजार रुपये. हा सढळ हाताने धरलेला हिशेब आहे. अबुधाबी सोडलीत तर पाच हजार तिथेच वाचतात. टॅक्सीने हेच सगळं केलंत तर खर्च दुपटीच्याही पुढे जातो.

एक सूचना हवामानाची. नोव्हेंबर ते मार्च हा चांगला काळ. मे महिन्याच्या सुट्टीत हॉटेलं स्वस्त दिसतात, पण ४० अंशांच्या वर उन्हात स्टेशनपासून चालणं होत नाही. मग पुन्हा टॅक्सी, आणि वाचवलेले पैसे तिकडेच जातात. म्हणून शाळेच्या लोकांना दिवाळीचीच सुट्टी बरी.

आणि भाचा?

त्याला भेटायलाच तर आपण जातो. फक्त वेळ त्याच्या सोयीची ठरवा. तो कामावरून सुटेल तेव्हा, किंवा त्याच्या सुट्टीच्या दिवशी. आम्ही शेवटच्या रविवारी त्याला आणि त्याच्या खोलीतल्या पाचही सोबत्यांना जेवायला बोलावलं. बिल मिस्टरांनी आधीच काउंटरवर देऊन टाकलं, म्हणजे वादच नको. सासूबाईंनी विंचूरहून नेलेली लसणाची चटणी निघाली. त्यातला एक मुलगा बीडचा होता, चार वर्षं घरी गेला नव्हता. त्याने चटणी भाकरीविनाच खाल्ली.

निघताना आमची चारही सिल्व्हर कार्डं आम्ही भाच्याकडे दिली. पाच वर्षं चालतात. पुढच्या वेळी विंचूरहून कुणी आलं की तो टॅक्सीऐवजी कार्ड हातात देईल, असं त्याने कबूल केलंय. तुमचंही कुणी तिकडे असेल तर जाण्याआधी एवढंच फोनवर सांगा: "बेटा, सुट्टी टाकू नकोस. स्टेशनचं नाव सांग, आम्ही येतो."