पाटकऱ्याचा निरोप

धरणाचे पाणी पाटातून चारीत आणि चारीतून शेतात जाते, हे तुम्हांस ठाऊक आहे. वाटेत कोठे पाट फुटला, तर टोकाच्या शेतकऱ्याचे पीक वाळते. म्हणून पाण्यावर लक्ष ठेवण्यास पाटकरी नेमलेला असतो.

संगणकांच्या जगातही असे पाट असतात. मात्र त्यांतून माहिती वाहते. एका संगणकाने ती गोळा करावी, दुसऱ्याने तपासून नीट लावावी, तिसऱ्याने साठवावी, असा क्रम असतो. या वाटेस ‘डेटा पाइपलाइन’ म्हणतात. तिच्यावरील पाटकरी म्हणजे ‘एजंट’ नावाचा लहानसा प्रोग्रॅम. प्रत्येक संगणकावर असा एकेक एजंट बसवतात. किती माहिती आली, किती पुढे गेली, साठवणीस जागा किती उरली, याची मोजदाद करून तो ती मुख्य संगणकास कळवतो. एका टप्प्यावरून १,००० नोंदी निघाल्या व पुढच्या टप्प्यावर ९०० च पोहोचल्या, तर गळती कोठे आहे हे तत्काळ ध्यानात येते.

परंतु पाटकऱ्याचा निरोपच आला नाही तर? सारे कुशल आहे असे समजावे काय?

गिटलॅब नावाच्या सेवेत जगभरचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपले काम साठवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तेथील एक अभियंता राखीव संगणकावरील माहिती पुसावयास गेला. पण चुकून त्याने ती आज्ञा मुख्य संगणकास दिली. चूक ध्यानात येताच त्याने काम थांबवले. परंतु तोवर सुमारे ३०० गीगाबाइटपैकी केवळ साडेचार गीगाबाइट माहिती उरली होती.

माहितीची रोज एक प्रत काढून दूर ठेवण्याची व्यवस्था होती. सर्वांनी तिकडे धाव घेतली. पाहतात तो कोठार रिकामे! प्रत काढणारे साधन जुन्या आवृत्तीचे व माहितीचे भांडार नव्या आवृत्तीचे. त्यामुळे ते काम दर वेळी बंद पडत होते. तसे कळवणारे ईमेल निघतही होते. परंतु त्यांवर ओळखीची योग्य खूण नसल्याने ते नाकारले जात. म्हणून बिघाडाची वार्ता कोणासही नव्हती.

सुदैवाने सुमारे ६ तासांपूर्वी एका अभियंत्याने दुसऱ्या कामासाठी स्वतः एक प्रत काढली होती. तिच्या आधारे सुमारे १८ तासांनी सेवा पुन्हा सुरू झाली; परंतु सुमारे ७०० नव्या सभासदांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. गिटलॅबने मात्र आपली चूक झाकली नाही; तिचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला.

म्हणून एजंट बसवताना जाणते लोक एक नियम पाळतात. सारे ठीक असतानाही एजंटाने ठराविक वेळी ‘काम झाले’ असे कळवावे, आणि तो निरोप चुकला की तीच धोक्याची सूचना मानावी. निरोपाची वाटही ते अधूनमधून तपासून पाहतात.

पाणी नीट वाहत असतानाही चांगला पाटकरी रोज सायंकाळी गावात येऊन तसे सांगतो. ज्या सायंकाळी तो येणार नाही, त्याच सायंकाळी गावाने कंदील घेऊन पाटावर जावे.