शर्यतीकडे पाठ करून

कुंडलिका नदीने जालना शहराचे जुना आणि नवा असे दोन भाग केले आहेत. त्यातल्या जुन्या जालन्यात आषाढी एकादशीला आनंदी स्वामींच्या पालखीला लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात्रेतल्या स्वयंसेवकाचे काम समजावून सांगावे लागणार नाही. पालखी त्याच्या पाठीमागून जाते आणि त्याचे तोंड गर्दीकडे असते. मोटारींच्या मोठ्या शर्यतीत प्रेक्षकांना जागा दाखविणाऱ्याचे कामही नेमके हेच.

इंग्रजीत त्याला ‘अशर’ म्हणतात. आपल्या नाट्यगृहातला डोअरकीपर हा त्याचा जवळचा नातेवाईक. ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखविणारा, आग विझविणारा मार्शल मात्र निराळा. मार्शलला क्रीडा महासंघाच्या नियमांनुसार प्रशिक्षण घ्यावे लागते. अशर हा कुंपणाच्या अलीकडचा, म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूचा माणूस. कार्यक्रमांना मनुष्यबळ पुरविणाऱ्या एजन्सीज त्याला तीन-चार दिवसांपुरते घेतात आणि त्यांत बहुतांशी महाविद्यालयीन विद्यार्थीच असतात.

मराठवाड्यातील तरुणाला अशी शर्यत सर्वांत जवळ आली ती हैदराबादला. १९५६ पर्यंत जालना हैदराबाद राज्यातच होते आणि रेल्वेची वाट आजही सरळ तिकडे जाते. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी तेथे हुसेनसागरच्या काठाने विजेवर धावणाऱ्या मोटारींची ‘फॉर्म्युला ई’ शर्यत झाली. फ्रान्सचा जाँ-एरिक व्हर्न विजयी झाला. एरवी रहदारीचा रस्ता चार दिवस ट्रॅक बनतो, तेव्हा अडचणीही रस्त्यावरच्याच येतात. शर्यतीच्या तोंडावर शहरातली काही वाहने बंद केलेल्या मार्गावर शिरली होती. कायमस्वरूपी ट्रॅकवर तरी असे होत नसेल, असे वाटेल. पण २०११ साली ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनच्या पहिल्याच सराव सत्रात एक भटका कुत्रा ट्रॅकवर आला आणि लाल झेंडा दाखवून सराव थांबवावा लागला.

त्या रविवारी, ३० ऑक्टोबर २०११ रोजी, तेथे सुमारे ९५ हजार प्रेक्षक होते. शर्यत दुपारी तीनची. अशरला मात्र सकाळीच आपल्या दाराशी हजर राहावे लागते. तिकिटावरचे स्टँड, रांग आणि आसनक्रमांक वाचणे, चुकलेल्यास योग्य दाराकडे पाठविणे, हरवलेल्या मुलाला मदत केंद्रावर पोहोचविणे, उन्हाने भोवळ आलेल्यासाठी वैद्यकीय पथक बोलावणे, असा त्याचा दिवस. त्या काळातली आठ सिलिंडरची इंजिने मिनिटाला १८ हजार फेरे घेत. समोरून गाडी गेली की शेजारच्याशीही बोलता येत नसे. त्यामुळे कानात बोळे आणि हातवाऱ्यांची भाषा हे दोन्ही आलेच.

सगळ्यांत अप्रिय काम म्हणजे पायऱ्या आणि कुंपणालगतची वाट मोकळी ठेवणे. ‘मला ओळखतोस का?’ हा आपला राष्ट्रीय प्रश्न येथेही विचारला जातोच. पण हा नियम हट्टापायी आलेला नाही. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मान्सच्या शर्यतीत पिएर लव्हेगची मोटार उसळून तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. १९६१ मध्ये मोंझा येथे फॉन ट्रिप्स याच्यासह कुंपणालगत उभे असलेले पंधरा प्रेक्षक गेले. त्यानंतर कुंपणे उंच झाली, प्रेक्षक मागे सरकले. तरीही २००१ साली मेलबर्नला निखळलेले चाक कुंपणातल्या लहानशा फटीतून आरपार गेले आणि ग्रॅहम बेव्हरिज हा मार्शल मृत्युमुखी पडला. स्ट्रेचर नेण्याची वाट म्हणजे तीच पायरी, जिच्यावर कोणी तरी ‘दोनच मिनिटे’ म्हणून बसलेले असते. त्याला गोडीगुलाबीने उठविणे, आणि पुन्हा उठविणे, हेच या कामातले खरे कसब होय. ते यात्रेत दोर धरलेल्या मुलाला बहुधा आधीच साधलेले असते.

शर्यत संपली की सकाळपासून सावकाश आलेली गर्दी एकदम बाहेर पडते. दारांवरचा खरा ताण तेव्हा असतो, आणि नेमकी तेव्हाच माणसे थकलेली असतात. म्हणून काम स्वीकारण्यापूर्वी तास किती, पाणी-जेवण कोणाकडून, कानातले बोळे मिळणार काय, विमा आहे काय आणि रात्री परत सोडण्याची सोय कोणाची, हे लेखी विचारून घ्यावे. संकोचापोटी हे प्रश्न न विचारणारी मुले मध्यरात्री अनोळखी शहराच्या वेशीवर बस शोधत उभी राहतात.

यावर पोट भरेल, असे मात्र कोणी समजू नये. भारतातील फॉर्म्युला वन २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे टिकली. हैदराबादची २०२४ सालची शर्यत ऐनवेळी रद्द झाली. त्याच वर्षी चेन्नईच्या रस्त्यांवर रात्रीची शर्यत भरली खरी, परंतु जालन्याहून चेन्नई दूर. शर्यतीची दारे सांभाळायला शिकलेल्या मुलाला पुढचे काम बहुधा पुण्याजवळ गहुंज्याच्या क्रिकेट मैदानावर किंवा मुंबईतल्या एखाद्या गाण्याच्या कार्यक्रमात मिळते. तेथेही त्याला मैदानाकडे पाठ करूनच उभे राहावे लागते.