मागच्या आसाचा हिशेब

अमेरिकेतील डेट्रॉइटच्या मोटार-कारखानदारांनी 1964 च्या सुमारास तरुण गिऱ्हाइकांचा कल ओळखून, मध्यम आकाराच्या व बेताच्या किमतीच्या गाडीत मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन बसवून देण्याचा जो शिरस्ता पाडला, त्यातून ‘मसल कार’ या नावाने पुढे विख्यात झालेला मोटारींचा एक स्वतंत्र वर्ग जन्मास आला. या वर्गाची गणना पाँटिॲकच्या ‘जीटीओ’पासून करण्याची प्रथा आहे. मध्यम गाड्यांत 330 घनइंचांहून मोठे इंजिन घालू नये, असा पाँटिॲक व शेव्हरोले यांची मालक असलेल्या खुद्द जनरल मोटर्सचाच दंडक असताना, जीटीओतील 389 घनइंचांचे इंजिन ‘ऐच्छिक साहित्य’ म्हणून कागदोपत्री दाखल करून तो दंडक मोठ्या चातुर्याने टाळण्यात आला होता. पुढे कित्येक वर्षे घनइंचांच्या आणि अश्वशक्तीच्या जाहिराती पानेच्या पाने झळकल्या. परंतु ही सारी शक्ती ज्या अवयवातून अखेरीस रस्त्यावर उतरायची, त्या मागच्या आसाकडे गिऱ्हाइकाची नजर सहसा जात नसे, आणि सबब कारखान्यातही त्याची निवड काटकसरीच्या धोरणाने होई. त्या काटकसरीची बाकी आज, या गाड्या हौसेने नव्या करून वापरणारे मालक चुकती करीत आहेत.

आपल्याकडच्या हल्लीच्या बहुतेक लहान मोटारी पुढच्या चाकांच्या जोरावर चालतात. त्यामुळे हा अवयव ज्यांच्या पाहण्यात नसेल, त्यांनी एखाद्या उभ्या मालमोटारीच्या पाठीमागून खाली वाकून पाहावे. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या पोलादी नळीच्या मध्यावर जो वाटोळा फुगवटा दिसतो, त्यातच सारे मर्म आहे. इंजिनाकडून येणाऱ्या लांब दांड्याच्या टोकाला ‘पिनियन’ नावाचे लहान दंतचक्र असते, ते ‘क्राऊन’ नावाच्या मोठ्या दंतचक्राला फिरविते, आणि या एका क्रियेत गतीची दिशा काटकोनात वळते, वेग घटतो व पीळ (टॉर्क) वाढतो. क्राऊनच्या पोटात बसविलेले डिफरन्शियल आणखी एक काम करते: ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर काटावे लागते. बैलगाडीची चाके आसावर आपापली सुटी फिरत असल्याने तिला याची अडचण पडत नाही. मोटारीची चाके मात्र इंजिनाला बांधलेली असल्यामुळे, फ्रेंच यंत्रज्ञ ओनेसिफोर पेकर याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच आपल्या वाफेच्या गाडीसाठी योजिलेली ही तजवीज अद्यापही तत्त्वतः तशीच चालू आहे. तिच्यात एक उणीव आहे ती अशी, की ती दोन्ही चाकांना सदैव समान पीळ वाटून देते. त्यामुळे एक चाक निसरड्यावर गेले की ते भिरभिरत राहते, आणि कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही त्या भिरभिरणाऱ्याइतकाच क्षीण वाटा मिळतो.

उदाहरणादाखल 1967 ची शेव्हरोले कॅमेरो घेऊ. 327 घनइंचांच्या साध्या इंजिनाबरोबर तिला जो मागचा आस मिळे, त्याच्या झाकणाला दहा बोल्ट असल्यामुळे त्याला ‘टेन-बोल्ट’ म्हणत; त्याच्या क्राऊनचा व्यास 8.2 इंच. त्या काळच्या 210 अश्वशक्तीला आणि अरुंद टायरांना तो पुरेसा होता. आजचा मालक मात्र तेथे दुप्पट शक्तीचे नवे इंजिन व रुंद, चिकट रबराचे टायर चढवितो. 400 फूट-पौंडांचा पीळ चौगती गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरात 2.52 पटींनी आणि मागच्या आसात 3.73 पटींनी वाढला, म्हणजे आसावर सुमारे 3,760 फूट-पौंडांचा भार येतो. पूर्वी टायर घसरून हा भार परस्पर वाया जाई. आता टायर जमीन सोडीत नाही, म्हणून पोलादाला तो सोसावा लागतो. असा आस खोलून त्यातील चाकाचा दांडा बाहेर काढला, तर टोकावरच्या ज्या बारीक खाचा मुळात सरळ कातलेल्या असतात, त्यांना कित्येकदा मळसूत्रासारखा पीळ पडलेला दिसतो. दांडा तुटलेला नसतो, पण त्याची मुदत भरलेली असते.

या गाडीत आणखी एक दोष होता. तिच्या मागच्या प्रत्येक बाजूला एकच पाटा असलेली कमान होती. जोरात निघताना आस चाकांच्या उलट दिशेने फिरू पाहतो, पिनियनचे नाक वर उचलते, पाटा नागमोडी वाकतो आणि लगेच उसळून सरळ होतो. ही उसळी सेकंदात अनेकदा घडून गाडीचा मागचा भाग थडथडू लागतो. कंपनीने 1968 मध्ये एक शॉक ॲब्सॉर्बर आसाच्या पुढे व दुसरा मागे बसवून आणि जोरकस इंजिनांच्या गाड्यांना अनेक पाट्यांच्या कमानी देऊन याचा बंदोबस्त केला. माझे स्पष्ट मत असे, की कमानपाट्यांची ही दुरुस्ती आधी करावी व आसाला नंतर हात घालावा; कारण क्राऊनचे दात बहुधा नुसत्या भाराने तुटत नाहीत, ते या हातोडीच्या घावांनी तुटतात.

आस बदलायचाच ठरला, तर शेव्हरोलेच्या मालकापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात: जनरल मोटर्सचाच 8.875 इंची क्राऊनचा ‘ट्वेल्व्ह-बोल्ट’, किंवा फोर्डने 1957 पासून वापरात आणलेला ‘नाइन-इंच’. शेव्हरोलेच्या अभिमान्यांनी प्रतिपक्षाचा आस आपल्या गाडीखाली घ्यावा यातील विनोद अमेरिकेत जुना झाला आहे. पण त्याला सबळ कारणे आहेत. फोर्डच्या आसात पिनियनला दोन्ही बाजूंनी बेअरिंगचा आधार असतो, आणि क्राऊन-पिनियनचा सारा संच पुढच्या बाजूने एकसंध बाहेर निघत असल्यामुळे तो टेबलावर ठेवून जुळविता येतो. शिवाय चाकाचा दांडा बाहेरच्या टोकाशी पट्टीने व बोल्टांनी जखडलेला असतो. जनरल मोटर्सच्या मूळ आसात तो आतल्या टोकाशी इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या लहानशा कडीवर अडकलेला असल्याने, दांडा मोडल्यास चाकासकट बाहेर सरकण्याची धास्ती असते. उलट पक्षी, फोर्डच्या आसात पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा बरेच खाली बसविलेले असल्यामुळे दात एकमेकांवर अधिक घासतात आणि थोडी शक्ती उष्णतेत खर्ची पडते. शर्यतवाल्याने फोर्डचा आस घ्यावा. रविवारी कुटुंबासह फिरणाऱ्याला ट्वेल्व्ह-बोल्ट अधिक शोभतो.

आस ठरल्यावर त्यातील क्राऊन-पिनियनच्या प्रमाणाची निवड करताना लोक हटकून अतिरेक करतात. 26 इंच व्यासाच्या टायरांवर, सरळ चौथ्या गिअरात, ताशी 60 मैलांच्या वेगाला 3.08 प्रमाणाच्या आसाने इंजिन मिनिटाला सुमारे 2,390 फेरे घेते, 3.55 ने 2,750, आणि 4.11 ने 3,190. शेवटचा आकडा पाव मैलाच्या शर्यतीत रुबाबदार वाटतो. तीन तासांच्या प्रवासात तो कानांना सोसवत नाही. एका चाकाच्या भिरभिरण्याची वर सांगितलेली उणीव टाळण्यासाठी याच सुमारास डिफरन्शियलचाही निर्णय करावा: घर्षणपट्ट्यांचे, शेव्हरोले ज्याला ‘पॉझिट्रॅक्शन’ म्हणे ते, रोजच्या वापराला उत्तम; दोन्ही चाके जखडून टाकणारे ‘लॉकर’ वळणावर खडखडते, म्हणून ते शर्यतीलाच बरे.

सर्वांत नाजूक काम जुळणीचे. क्राऊनच्या काही दातांना पिवळा लेप लावून, चक्राला थोडा अडसर देऊन दोन्ही दिशांनी फिरविले, की पिनियनचे दात जेथे घासतात तेथला लेप निघून ठसा उमटतो. ठसा दाताच्या बुडाशी सरकलेला असेल, तर पिनियन फार आत आहे. शेंड्याकडे असेल, तर फार बाहेर. मध्यावर आणि टोके मोकळी ठेवून उमटला, तर काम साधले. पिनियन आत-बाहेर करण्यासाठी घालावयाच्या चकत्या, म्हणजे शिम, कागदाइतक्या पातळ असतात, आणि ट्वेल्व्ह-बोल्टमध्ये एक चकती बदलावयाची म्हणजे बेअरिंग उपसून पुन्हा दाबणे आले. दातांमधील मोकळीक साधारणतः 0.15 ते 0.25 मिलिमीटर राखावी लागते. पिनियनचा नट आवळताना आतली पोलादी नळी मापात चेपते. ती किंचित अधिक चेपली, तर नट सैल करून भागत नाही, नळी टाकून नवी घालावी लागते. घाईच्या कारागिराचा हात येथेच आखडतो, आणि महागडा आस ताशी 50 मैलांना कण्हू लागतो.

मग उरतात त्या मापाच्या बाबी. कॅमेरोच्या चाकांचे पाच बोल्ट 4¾ इंचांच्या वर्तुळावर असतात, फोर्डचे 4½. म्हणून दांडे शेव्हरोलेच्या मापाने भोके पाडून मागवावेत. पिनियनचे नाक गिअरबॉक्सच्या रेषेला समांतर, पण भार आल्यावर ते वर उचलणार हे धरून एक-दोन अंश खाली ठेवावे. पहिले काही दिवस गाडी सौम्यपणे चालवून, मध्ये पूर्ण थंड होऊ देऊन, सुमारे 500 मैलांनंतर तेल बदलावे. घर्षणपट्ट्यांचे डिफरन्शियल असल्यास त्या तेलात त्याच्यासाठीचे खास मिश्रण घालावयास विसरू नये.

वेगदर्शकाला गती गिअरबॉक्सच्या शेपटाकडून मिळते, त्याला मागच्या बदलाचा पत्ता नसतो. 3.08 च्या जागी 4.11 घातल्यावर गाडी ताशी 45 मैल जात असता काटा 60 दाखवितो, आणि मैलांची नोंदही त्याच प्रमाणात फुगत जाऊन गाडी कागदोपत्री अकाली म्हातारी होते. याला उपाय म्हणजे शेपटातले प्लॅस्टिकचे चिमुकले दंतचक्र हिशेबाने बदलणे. साऱ्या खर्चातील हा सर्वांत स्वस्त जिन्नस आहे, आणि बहुतेकांच्या यादीतून नेमका तोच राहून जातो.