वीतभर ढोलकीवाला कांस्यात कसा उतरतो

फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारातला शिल्पकार जांबोलोन्या (१५२९–१६०८) देवदेवता आणि राजे घडवायचा. पण कातडी पिशवीचा बाजा फुंकणारा खेड्यातला माणूसही त्याने मुठीत मावेल एवढ्या कांस्यात घडवला. कर्जत-खालापूरच्या एखाद्या ठाकरवाडीतला ढोलकीवाला आपल्याला तसाच घडवायचा असेल, तर काम असं चालतं.

आधी मेण. नुसतं मधमाशीचं मेण उन्हाळ्यात बोटांना चिकटतं, म्हणून त्यात राळ आणि थोडं तेल मिसळतात. खरं शिल्प इथेच होतं; मेणात जे आलं नाही ते धातूत येत नाही. ढोलकी कमरेला बांधली की वाजवणारा किंचित मागे रेलतो, तो रेल आपण नीट पाहून घ्यावा. बोटं पुडीला टेकलेली ठेवावीत. हवेत सुटलेल्या बारीक बोटांत धातू पोचण्याआधीच थिजतो.

धड आणि ढोलकी भरीव ठेवू नयेत. जाड धातू निवताना आकसतो आणि वर खड्डा पडतो. म्हणून आत मातीचा गाभा ठेवून त्यावर तीन-चार मिलिमीटर मेण चढवतात. मेण वितळल्यावर गाभा हलू नये म्हणून आरपार लोखंडी खिळे टोचतात.

आता मेणाच्याच कांड्या जोडायच्या: काही धातू आत यायला, काही हवा बाहेर जायला. बहुतेकांचं चुकतं ते इथे. ओतताना मूर्ती उलटी असते, त्यामुळे ढोलकीवाल्याचं खाली झुकलेलं कोपर वर येतं आणि हवा तिथेच अडकते. हवेची एक वाट कोपरापासून काढावीच.

मग सगळं मेण तोलून घ्यावं. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही मेणाच्या वजनावरूनच धातूचा हिशोब सांगितला आहे. कांस्य मेणाच्या साधारण नऊपट भरतं. थोडं जास्तच घ्यावं.

साच्याचा पहिला थर चाळलेली माती आणि शेण यांचा, कुंचल्याने. बुडबुडा राहिला तर मूर्तीवर धातूचा मणी उठतो. पुढच्या थरांत भाताचा तूस घालतात. तो जळून बारीक छिद्रं राहतात आणि वायू निघून जातो. कर्जतच्या भातगिरण्यांत तुसाला तोटा नाही, अडचण आहे ती पावसाची. जूननंतर इथल्या हवेत जाड साचा आतून वाळतच नाही. ओल राहिलेल्या साच्यात तापलेला धातू गेला की क्षणात वाफ होते, साचा फुटतो आणि धातू अंगावर उडतो. त्यामुळे हे काम मेअखेर संपवावं, नाहीतर दिवाळीनंतर घ्यावं.

तोंड खाली करून साचा भाजला की मेण वाहून जातं.

ओतकाम अनुभवी ओताऱ्याकडेच द्यावं, अंगणात करू नये. मुशीत नऊ भाग तांबं वितळवून शेवटी एक भाग कथील घालतात; आधी घातलं तर ते जळतं. साचा गरम हवा आणि धार तुटता कामा नये.

साचा फोडावा लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. जांबोलोन्याचा सहायक अंतोनिओ सुसिनी मूळ नमुन्यावरून जोडसाचा घेऊन पुन्हा पुन्हा मेण काढायचा. अशा रीतीनेच त्या काळी एका नमुन्याच्या अनेक प्रती निघत.

शेवटी कांड्या कापून छिन्नी आणि कानस चालवायची. माझं मत असं, की फार घासू नये. मेणावर उमटलेले बोटांचे ठसे धातूतही दिसू द्यावेत. मूर्ती किंचित गरम करून मेणाचा पातळ हात दिला, की पावसाळ्यात हिरवा गंज लवकर धरत नाही.